मॅडोनाचा ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या घरी दहा-बारा जण एकच अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला जमतात. मध्ये गप्पा नाहीत, फोन नाहीत, चहा शेवटी. आजवर किशोरीताई झाल्या, कुमारजी झाले, बीटल्स झाले, कुणी काही विचारलं नाही. या वेळी मॅडोनाचं नाव निघालं आणि प्रश्नांची रीघ लागली. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

नेमका कोणता अल्बम ऐकायचा आहे?

‘द इमॅक्युलेट कलेक्शन’. नोव्हेंबर १९९० मध्ये आलेला, मॅडोनाच्या गाजलेल्या गाण्यांचा पहिला संग्रह. १९८३ ते १९९० या काळातली पंधरा गाणी आणि दोन कोरी करकरीत. एकूण सतरा गाणी, साधारण साडेत्र्याहत्तर मिनिटं.

संग्रह कशाला? मूळ अल्बम का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त जणांनी विचारला, आणि विचारणाऱ्यांच्या सुरात ‘निवडक म्हणजे गाइड वाचून पास होणं’ असा भाव होता. एरवी मीही त्याच मताची आहे. पण मॅडोनाच्या बाबतीत पुण्यातल्या माझ्या पिढीकडे दुसरा मार्गच नव्हता. तिकडच्या लोकांना ती वर्षाला दोन-तीन गाणी अशी सात वर्षं हप्त्याहप्त्यानं मिळाली. आम्हाला ती एका कॅसेटमध्ये, एका दुपारी मिळाली. मी तेव्हा अकरावीत होते. नळस्टॉपजवळ राहणारी मैत्रीण कॅम्पातून कॅसेट घेऊन आली, आणि ‘हॉलिडे’पासून ‘रेस्क्यू मी’पर्यंत आम्ही ती दोनदा ऐकली. मधे फक्त बाजू बदलायला उठलो. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला, केबलवाल्यानं गच्चीवरून वायर टाकली आणि मग ती बाई दिसायला कशी आहे ते नीट कळलं. तोवर गाणी पाठ झाली होती.

म्हणजे आमच्यासाठी हा संग्रहच मूळ अल्बम आहे. आणि गंमत अशी, की त्यातली बरीचशी गाणी मुळात जशी होती तशी त्यात नाहीतच. ते पुढं सविस्तर येतंय.

नावाचा अर्थ काय?

कोटी आहे. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे निष्कलंक गर्भसंभव, ही कॅथलिक पंथाची एक श्रद्धा. त्यातला ‘कन्सेप्शन’ काढून ‘कलेक्शन’ घातलं. बहुतेकांना वाटतं, की हे येशूच्या जन्माबद्दल आहे. तसं नाही. मारिया स्वतः आपल्या आईच्या पोटात आली तेव्हाच आदिपापापासून मुक्त होती, असं ही श्रद्धा सांगते. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये ती अधिकृत सिद्धान्त म्हणून जाहीर केली. ‘मॅडोना’ हे मारियेचंच नाव, आणि या मॅडोनाचं ते जन्मनाव आहे, रंगमंचासाठी घेतलेलं नाही : मॅडोना लुईज चिकोनी. तिच्या आईचं नावही मॅडोनाच होतं. ती पाच वर्षांची असताना आई गेली. ‘लाइक अ व्हर्जिन’, ‘लाइक अ प्रेअर’, गळ्यातले क्रूस हे सगळं बघितलं, की कळतं : घरच्याच देवाशी तिचं भांडण आहे.

याच नावाचं चर्च आपल्याकडेही आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च म्हणजे निष्कलंक गर्भसंभव मातेचं चर्च, १७९२ साली पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. आमच्या बैठकीला येणारे नाना पेठेतले एक गृहस्थ तिथं नेमानं जातात. या अल्बमचं नाव ऐकून ते म्हणाले, “कोटी बरी आहे, पण सणाच्या दिवशी लावू नका.” सण ८ डिसेंबरला असतो. आपण त्यापासून लांब आहोत.

गाणी कोणती आहेत?

क्रमानं : ‘हॉलिडे’, ‘लकी स्टार’, ‘बॉर्डरलाइन’, ‘लाइक अ व्हर्जिन’, ‘मटीरियल गर्ल’, ‘क्रेझी फॉर यू’, ‘इन्टू द ग्रूव्ह’, ‘लिव्ह टु टेल’, ‘पापा डोन्ट प्रीच’, ‘ओपन युअर हार्ट’, ‘ला इस्ला बोनिता’, ‘लाइक अ प्रेअर’, ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’, ‘चेरिश’, ‘व्होग’, आणि नवी दोन, ‘जस्टिफाय माय लव्ह’ आणि ‘रेस्क्यू मी’. क्रम साधारण काळाप्रमाणे आहे. त्याचा फायदा आवाजाबद्दलच्या प्रश्नात सांगते.

ही मूळचीच गाणी आहेत ना?

नाहीत, आणि मला बोलायचं आहे ते याच्याबद्दलच.

एक तर कात्री. ‘हॉलिडे’ मूळ अल्बमवर सहा मिनिटांच्या वर आहे, इथं चार मिनिटांचं उरलंय. ‘लकी स्टार’ साडेपाच मिनिटांच्या पुढचं, इथं साडेतीन-पावणेचार. ‘बॉर्डरलाइन’चीही मिनिटभर काटछाट. ही तिन्ही गाणी डान्स क्लबमध्ये वाजवायला बेतलेली होती : ठेका पसरायचा, गायिका थांबायची, कीबोर्ड एकटा फिरून यायचा. इथं तो सगळा ऐसपैसपणा गेला, नुसतं गाणं राहिलं.

दुसरं म्हणजे मिश्रण. शेप पेटिबोन हा न्यूयॉर्कचा रिमिक्स करणारा माणूस. जुन्या गाण्यांच्या मूळ फिती काढून त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी ती नव्यानं मिसळली. काही ठिकाणी फरक पुसट आहे. ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’मध्ये मात्र वाद्यं, ठेका सगळंच वेगळं. १९८९ च्या अल्बमवरचं ऐकून बघा, भरपूर पितळी वाद्यांचं आहे ते. ‘लाइक अ प्रेअर’ही इथं नाचाच्या ठेक्यावर बसवलंय.

आणि तिसरं क्यूसाउंड. कॅनडातल्या कॅल्गरीच्या एका कंपनीचं हे तंत्र तेव्हा नवं होतं आणि ते वापरणाऱ्या अगदी पहिल्या अल्बमांत हा येतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपला कान दोन गोष्टींवरून ठरवतो : कुठल्या कानाला तो आधी पोचला आणि कुठल्या कानाला मोठा वाटला. हे फरक कृत्रिमरीत्या घडवले, की दोनच स्पीकर असूनही आवाज त्यांच्या पलीकडून, कधी पार बाजूच्या भिंतीतून आल्यासारखा वाटतो. पुढं स्टिंगच्या १९९१ च्या आणि रॉजर वॉटर्सच्या १९९२ च्या अल्बममध्येही हेच वापरलं.

अट एकच. दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर हवेत आणि ऐकणारा बरोबर मध्ये. आमच्या जुन्या घरी एक स्पीकर शोकेसमध्ये बाहुल्यांच्या शेजारी आणि दुसरा फ्रिजवर होता. त्यामुळे हे तंत्र माझ्यापर्यंत पोचायला वीस वर्षं लागली. शनिवारी मधली खुर्ची प्रत्येकाला एकेका गाण्यापुरती मिळेल. भांडायचं नाही.

मग ही फसवणूक नाही का?

फसवणूक शब्द जड आहे. कव्हरवर मोठ्या अक्षरात ‘यात काटछाट आहे’ असं लिहिलेलं नाही, हे खरं. पण आपण यात अगदीच नवखे नाही. बालगंधर्व रंगमंचावर एकच पद वन्समोअरवर वन्समोअर घेत किती लांबवायचे, याच्या आठवणी आपण वाचलेल्या आहेत. त्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायची तीन-सव्वातीन मिनिटं. नाटक बघितलेले लोक गेले, तबकडी उरली. आज आपण बालगंधर्व म्हणतो तेव्हा ती तीन मिनिटंच म्हणत असतो. कुणी त्याला फसवणूक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

इथं अडचण सीडीची होती. एका सीडीवर तेव्हा चौऱ्याहत्तर मिनिटं मावत. सतरा गाणी पूर्ण लांबीची घेतली असती तर दुसरी सीडी लागली असती, किंमत वाढली असती. आकडा बघा, साडेत्र्याहत्तर. काठोकाठ.

माझं मत विचाराल तर ‘लकी स्टार’ कापल्यामुळे सुधारलं, ‘हॉलिडे’ बिघडलं. ‘हॉलिडे’त शेवटी पियानो मोकाट सुटतो तेच खरं सुट्टीचं. आणि हे मला कळलं मूळ गाणं ऐकल्यावर, वयाच्या तिशीत. तोवर मी अर्ध्या सुट्टीवर खूश होते.

सगळी गाजलेली गाणी आहेत का यात?

नाहीत. १९९१ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत तिची नऊ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली होती. त्यातली आठ इथं आहेत. राहिलेलं नववं म्हणजे १९८७ चं ‘हूज दॅट गर्ल’. ते वगळल्याचं मला फारसं दुःख नाही. ‘ट्रू ब्लू’ नसल्याचं आहे. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ‘एंजल’ नाही, ‘ड्रेस यू अप’ नाही. उलट ‘इन्टू द ग्रूव्ह’ अमेरिकेत स्वतंत्र तबकडी म्हणून निघालंच नव्हतं, ‘एंजल’च्या मागच्या बाजूला होतं. ब्रिटनमध्ये मात्र १९८५ मध्ये तेच तिचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं. संग्रहात मागची बाजू आली आणि पुढची बाहेर राहिली.

‘व्होग’चंही थोडंसं असंच. ते आधी एका गाण्याची मागची बाजू भरायला म्हणून केलं होतं. झाल्यावर लक्षात आलं, की हे पाठीमागे ठेवण्यासारखं नाही.

ती गाणी लिहिते का स्वतः, की नुसती गाते?

दोन्ही. ‘लकी स्टार’ तिचं एकटीचं. ‘लिव्ह टु टेल’, ‘ला इस्ला बोनिता’, ‘लाइक अ प्रेअर’, ‘चेरिश’ यांत पॅट्रिक लेनर्ड सोबतीला आहे, ‘इन्टू द ग्रूव्ह’ आणि ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’मध्ये स्टीफन ब्रे. पण ज्या गाण्यावरून जग तिला ओळखतं ते ‘लाइक अ व्हर्जिन’ तिचं नाही. ते बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली यांचं, आणि ध्वनिमुद्रण नाइल रॉजर्सच्या देखरेखीखाली झालं. ‘मटीरियल गर्ल’ही दुसऱ्यांचंच. आपल्याकडे आशाबाईंनी गाणं लिहिलं का, असं कुणी विचारत नाही. तिकडे विचारतात.

‘जस्टिफाय माय लव्ह’वरून वाद झाला होता म्हणे?

एक नाही, दोन.

पहिला व्हिडिओवरून. एमटीव्हीनं तो दाखवायला नकार दिला. मग कंपनीनं तो एकच व्हिडिओ कॅसेटवर घालून दुकानात विकायला ठेवला आणि तो धो धो खपला. ३ डिसेंबर १९९० ला अमेरिकेतल्या ‘नाइटलाइन’ या बातम्यांच्या कार्यक्रमात तो अख्खा दाखवला गेला आणि तिची मुलाखतही झाली. बंदीनं जेवढी जाहिरात केली तेवढी पैसे देऊन झाली नसती. गाणं १९९१ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिलं आलं.

दुसरा वाद श्रेयाचा. गाणं लेनी क्रॅव्हिट्झच्या नावावर आलं, सोबत मॅडोनाचं नाव. इन्ग्रिड चावेझ या गायिकेचे शब्द त्यात होते, पण तिचं नाव नव्हतं. ती कोर्टात गेली, १९९२ मध्ये तडजोड झाली आणि तिला श्रेय मिळालं. शिवाय गाण्याचा ढोलाचा ठेका पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या एका तुकड्यातून घेतलेला आहे. एवढं सगळं होऊन गाण्यात आहे काय, तर ठेका, एक लांब हुंकार आणि कुजबूज. म्हटलं तर गाणंच नाही. तरी अंधारात ऐकलं, की मान हलते.

घरात वडीलधारी मंडळी आहेत. लावलं तर चालेल का?

सोळा गाणी बिनधास्त लावा. सोळावं सोडून, म्हणजे वरचंच. इंग्रजी येत नसलं तरी त्यातलं काय ते सगळ्यांना कळतं. माझ्या सासऱ्यांनी पेपर वर धरला होता, पान मात्र पाच मिनिटं उलटलं नाही.

तिला खरंच गाता येतं का?

हा प्रश्न पुण्यातच इतक्या वेळा येऊ शकतो. ज्यांनी सवाईच्या मंडपात रात्री काढल्या, त्यांचा कान तयारी शोधतो : दमसास किती, तान कशी, सूर किती वेळ टिकतो. त्या कसोटीवर ती नापास आहे. इथं वादाला जागा नाही.

पण क्रमानं ऐका, म्हणून सांगते आहे. सुरुवातीच्या तीन-चार गाण्यांत आवाज बारीक, वरच्या पट्टीत ताणलेला, जरा चिरका. ‘मटीरियल गर्ल’पर्यंत तो मुद्दाम बाहुलीसारखा केलाय. मग आठवं गाणं येतं, १९८६ चं ‘लिव्ह टु टेल’. एकाएकी ती खाली उतरते, शब्दांमधे थांबायला लागते. तोच गळा आहे, पण आता त्याला काहीतरी लपवायचं आहे. पुढं ‘लाइक अ प्रेअर’मध्ये आन्द्रे क्राउच यांच्या चर्चमधल्या कोरसपुढं ती उभी राहते. त्या गळ्यांपुढं तिचा आवाज लहानच, आणि तिला ते माहीत आहे. ती त्यांच्याशी स्पर्धा करत नाही, वाट करून देते. आपल्या गळ्याला काय जमत नाही ते ओळखून त्याप्रमाणे गाणं बेतणं, हीसुद्धा तयारी आहे.

माझ्या सासूबाई गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या. स्वयंपाकघरातून आठ गाणी ऐकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही खाली बरी गाते की! मग वर कशाला जाते?” मला तीस वर्षांत याहून चांगलं परीक्षण वाचायला मिळालेलं नाही.

किती खपला?

जगभरात तीन कोटींच्या वर. ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिला, त्यात १९९० चा नाताळही आला. अमेरिकेत मात्र दुसऱ्या क्रमांकावर अडला. वर व्हॅनिला आइस नावाचा रॅपर ठाण मांडून बसला होता.

कव्हरवर तिचा फोटो का नाही?

पुढच्या बाजूला नाही, नुसतं निळं कव्हर आणि अक्षरं. हर्ब रिट्सनं काढलेले काळेपांढरे फोटो आत आहेत. इतकी ओळखीची झालेली बाई चेहऱ्याशिवाय खपते हे दाखवायचं असावं. हा माझा अंदाज.

विकत घ्यायचा तर काय घ्यावं? एलपी, सीडी, कॅसेट?

मोबाइलवर आहेच, फुकट्यांनी तिथं ऐकावा. पण इअरफोनवर क्यूसाउंडची खरी मजा येत नाही, ते तंत्र समोरच्या दोन स्पीकरसाठी बेतलेलं आहे.

सीडी घ्या, असं माझं सांगणं. हा अल्बम सीडीच्या मापानं शिवलेला आहे. एलपी दोन तबकड्यांची येते, दर चार-पाच गाण्यांनी उठावं लागतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात इंग्रजी एलपींच्या ढिगात नशीब असेल तर काही मिळतं. तबकडी उन्हात आडवी धरून बघायची. बारीक केसासारखे चरे चालतात, नखाला लागणारा चरा चालत नाही. कडेनं बघून वाकलेली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. उन्हात फुटपाथवर मांडून मांडून बऱ्याच वाकतात.

कॅसेट शोधणार असाल तर खिडकीतून फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसते का ते आधी बघा. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या कॅसेटचा तोच शेवट होतो. बुरशीची कॅसेट प्लेअरमध्ये घातलीत, तर पुढच्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते.

हा आवडला तर पुढं काय ऐकू?

१९८९ चा ‘लाइक अ प्रेअर’ अल्बम, अख्खा. नंतरच्या काळातली गाणी २००१ च्या ‘जीएचव्ही टू’ या दुसऱ्या संग्रहात आहेत, पण तो लावून मी कुणाला बोलावणार नाही. २००९ चा ‘सेलिब्रेशन’ दोन सीडींचा आहे, त्यात सगळंच आहे आणि म्हणून काहीच लक्षात राहत नाही.

गाडी कुठं लावायची?

आमच्या सोसायटीत नाही. चौकातून चालत या.

शनिवारी कोणती प्रत वाजणार?

सोळा गाण्यांसाठी सीडी, आणि ‘चेरिश’साठी, तसंच शेवटी पुन्हा एकदा ‘हॉलिडे’साठी, तीच जुनी कॅसेट. मैत्रीण लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा ती मला देऊन गेली. दुसऱ्या बाजूला ‘चेरिश’च्या दुसऱ्या कडव्यात टेपनं एकदा फीत खाल्ली होती, तिथं आवाज क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखा होतो आणि वर येतो. सीडीवर ती जागा अगदी स्वच्छ जाते. दर वेळी मला वाटतं, इथं काहीतरी कापलंय.